लोकरीच्या ढिगावर 'नीलकुंभ'

साताऱ्याला व्याख्यान आहे, असं घरी सांगून मी निघालो. ते खरंच होतं. फक्त पुरतं खरं नव्हतं. मी सहसा खोटं बोलत नाही. अर्धं खरं बोलतो आणि उरलेलं खणात ठेवतो. एकवीस वर्षांच्या संसारात बायकोला याची सवय झाली आहे. "तुमच्यापेक्षा दगड परवडला," ती म्हणते, "निदान त्याच्यावर चटणी तरी वाटता येते."

या खेपेला मात्र खणातलं एक पोस्टकार्ड मी खिशात घातलं होतं. सहा वर्षांपूर्वी आलेलं, जत तालुक्यातल्या एका धनगरांच्या वाडीवरून. अक्षर ठसठशीत, ओळी जरा वर चढत गेलेल्या.

"सरांना नमस्कार. 'नीलकुंभ' या कादंबरीवर तुम्ही लिहिलेला लेख माझ्या भावाच्या कॉलेजच्या पुस्तकात आहे. त्यात लिहिलंय की सातव्या भागात मेघावती दगड होते. आमच्याकडे सहाच भाग आहेत. माझे सासरे बिराप्पा दर कातरणीला ते वाचून दाखवायचे. तुमचा लेख ऐकल्यापासून त्यांनी पुस्तक पेटीत टाकलं. ती खरंच दगड होते का, तेवढं कळवावं. सुनंदा."

मी कळवलं नाही. का कळवलं नाही, ते आता लिहितो.

'नीलकुंभ' ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: आपल्याकडे एके काळी ज्या अद्भुत कादंबऱ्या निघाल्या त्यांतली ही एक. सहा जाडजूड भाग, लेखकाच्या नावाऐवजी नुसतं 'एक कथाप्रिय'. तळ्याच्या तळाशी वसलेलं शहर, टोमणे मारणारे राघू, वीतभर उंचीची फौज, आणि एक मायावी, जो नुसत्या नजरेनं माणसाचा दगड करतो. राजकन्या मेघावती आपलं दगड झालेलं शहर सोडवायला पायी निघते. सहाव्या भागाच्या शेवटच्या पानावर ती मायाव्यासमोर उभी राहते. तो डोळे उघडतो. खाली ओळ: 'पुढील कथा सातव्या भागी.'

मी एकोणतीस वर्षांचा होतो, नोकरी तात्पुरती होती आणि एका मासिकाचा अद्भुत कथेवरचा विशेषांक निघत होता. ग्रंथालयात सहा भाग मिळाले, सातवा मिळेना. संपादकांची तार आली. मी म्हटलं, असल्या कादंबरीत आणखी काय होणार? मेघावती दगड होते, सुटलेलं शहर तिच्याभोवती रडतं, असं मी लिहून टाकलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी त्या प्रसंगावर टीकाही केली. 'सातव्या भागात लेखक स्वस्त करुणेच्या आहारी जातो' वगैरे. न वाचलेल्या पानांवर लिहिताना लेखणी किती मोकळी धावते, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

लेख गाजला. त्या लेखावर नोकरी पक्की झाली, नोकरीवर लग्न झालं. पुढे तो बी. ए.च्या पुस्तकात लागला. बावीस वर्षांत मला एकानंही विचारलं नाही की सातवा भाग तुम्ही पाहिलात कुठे? विचारलं ते त्या कार्डानं.

सातारा

बहात्तरच्या दुष्काळाला दोन वर्षं होऊन गेली होती. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. स्टँडवर उतरलो तेव्हा अजिंक्यताऱ्याच्या अंगावर कोवळं ऊन पसरलं होतं आणि खाली गाव अजून पांघरुणात होतं. पुण्यात डोंगर बघायचा तर गच्चीवर जावं लागतं; इथे तो चहाच्या टपरीवर तुमच्या खांद्याशी येऊन उभा राहतो.

मला उतरवून घ्यायला प्राध्यापक शेलार आले होते. तिशीचे, उमदे, दोन्ही हातांनी बोलणारे. सभागृहात माझी ओळख करून देताना ते माझ्या लेखावर इतके रंगले की पाण्याचा तांब्याच आडवा झाला. "सातव्या भागातल्या पाषाणदृश्याचं सरांनी जे विवेचन केलंय, त्याला तोड नाही!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी टेबलावरून माझ्या धोतराच्या दिशेनं येणारा ओहोळ बघत बसलो.

चहाच्या वेळी त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "सर, एम. ए.ला असताना मी तो सातवा भाग मुळातून वाचला. खरं सांगतो, डोळ्यांतून पाणी आलं."

मी कपबशी खाली ठेवली. "तुम्ही वाचलाय?"

"म्हणजे काय! मेघावती दगड होते, आणि ते शहर... अहाहा!"

"प्रत कुठे मिळाली?"

"एका मित्राकडे," शेलार म्हणाले, आणि जरा थांबून, "तो आता दिल्लीला असतो."

म्हणजे भाग होता. आणि त्यात मेघावती दगडच होत होती! माझा अंदाज तंतोतंत खरा ठरला होता. बावीस वर्षांचं ओझं एका कपबशीत उतरलं. त्या संध्याकाळी राजवाड्याजवळच्या बाकावर बसून मी पाव किलो कंदी पेढे एकट्यानं संपवले. शेवटचा तेवढा एका अनोळखी म्हाताऱ्याला दिला. त्यानं विचारलं, "काय, नातू झाला जणू?" मी म्हटलं, "तसंच समजा."

आता फक्त प्रत मिळवायची होती. ती घेऊन जतला जायचं, बिराप्पांच्या हातात ठेवायची. वाईट शेवट, पण पुराव्यासकट.

रहिमतपूर

पहिल्या भागाच्या प्रस्तावनेखाली 'रहिमतपूर' असं छापलेलं होतं. बावीस वर्षं मला ते माहीत होतं आणि बावीस वर्षांत मी इकडे फिरकलो नव्हतो. आता मात्र मी शीळ घालत एस. टी.तून उतरलो.

जुनी पुस्तकं असलेलं घर कुठलं, असं विचारल्यावर लोकांनी मला गुळाच्या दुकानात पाठवलं. गादीवर अण्णा बसले होते. साठीचे, गोल चेहऱ्याचे, टोपी मागे सरकवलेली. 'एक कथाप्रिय' म्हणजे त्यांचे आजोबा, हे त्यांनी आल्या आल्या अभिमानानं सांगितलं आणि कागदावर गुळाचा खडा ठेवून माझ्यापुढे सरकवला.

"'नीलकुंभ'चा सातवा भाग बघायला मिळेल का?" मी विचारलं.

अण्णांनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्या चपलांकडे पाहिलं. "कुठनं आलाय?"

"पुण्याहून."

"तरीच. आवं, असंल तर दावणार न्हवं? आज्जानं सातवा लिवलाच न्हाई."

"लिहिला नाही?"

"सहावा छापून आला आन् आज्जाचे डोळे गेले. लिवणार कशानं? मग तोंडी सांगायचा. दिवस मावळायच्या आत आमी समदी नातवंडं वट्ट्यावर. रोज सातवा भाग, आन् रोज येगळा! एकदा मेघावती मायाव्याला असं सुनावती, की त्योच लाजून दगड हुतो. एकदा दोघं सोंगट्या खेळत बसत्यात. एकदा तर ती आमच्या बाजारात येऊन आलं इकती."

"आलं?"

"त्या दिशी आजीनं आज्जाच्या चहात आलं घातलं न्हवतं."

अण्णा इतके हसले की गादीही हलली. मीही हसलो, आणि गुळाचा खडा परत कागदावर ठेवला. शेलारांचा दिल्लीचा मित्र माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि त्यांच्या डोळ्यांतलं ते पाणी. ते आलं असेल तर माझ्याच नळाचं होतं.

"पण एक सांगतो," अण्णा हसू आवरत म्हणाले. "पुण्याच्या कुणीतरी मासिकात लिवलं हुतं सातव्या भागावर. आमच्या वडलांनी वाचलं आन् समदं घर उलथंपालथं केलं. चार वरसं माळा धुंडाळला. जाताना म्हणले, पुण्यात कुणाला तरी घावलाय, बरं झालं."

"कुणी लिहिलं होतं?" मी विचारलं. हे मी विचारलं! तिथल्या तिथे सांगायची संधी होती, आणि मी विचारलं, कुणी लिहिलं होतं.

"नाव काय ध्यानात न्हाई. मोठा माणूस असणार."

मी मान हलवली. अण्णांनी मला गुऱ्हाळावर नेलं, रस पाजला, गरम काकवीत भाकरी बुडवून खायला घातली आणि निघताना गुळाची एक छोटी ढेप पिशवीत घातली. मी ती घेतली. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की माझ्या चष्म्याच्या काचेवर काकवीचं बोट उमटलं आहे आणि सगळं रहिमतपूर मला तपकिरी दिसतं आहे. ते काही मी लगेच पुसलं नाही.

सांगलीवरून जतकडे

सांगलीला विश्रामबागेत पुढच्या गाडीला दीड तास होता. एका कट्ट्यावर बसून भडंगाची पुडी सोडली, आणि मग कागद काढले. समोरासमोर मला बोलता येत नाही, हे मी मान्य केलं होतं. म्हणून चार पानी निवेदन लिहिलं. 'प्रस्तुत लेखकाच्या हातून एक अक्षम्य प्रमाद घडला' अशी सुरुवात. वाडीवर उभं राहायचं, वाचून दाखवायचं आणि परतीची गाडी धरायची, असा बेत.

गाडीत माझ्या शेजारी एक आजी बसल्या. त्यांच्या पायाशी एक पांढरी शेळी. शेळीला निम्मं तिकीट लागतं की पूर्ण, यावर कंडक्टरशी त्यांचा वाद रंगला. कंडक्टर त्यांच्याशी मराठीत आणि मागच्या बाकावरच्या माणसाशी कानडीत भांडत होता, आणि गंमत म्हणजे दोघांनाही तो काय म्हणतो ते सारखंच कळत होतं. मी ते ऐकण्यात इतका गुंगलो की निवेदनाचं पहिलं पान मांडीवरून कधी गेलं ते कळलं नाही. बघतो तर शेळी दुसरं पान चावत होती. मी ओढायला गेलो, तर तिनं तिसरंही घेतलं.

"ऱ्हाऊ द्या," आजी म्हणाल्या. "तिला पचतंय."

"अहो, महत्त्वाचे कागद होते!"

"मग तोंडानं सांगा की. तोंड हाय न्हवं?"

उरलेल्या चौथ्या पानावर फक्त 'क्षमस्व' आणि माझी सही होती.

ऊस कधीच मागे पडला होता. आता दोन्ही बाजूंनी शाळू, मधूनच बाभळी, आणि क्षितिजापर्यंत मोकळं माळरान. वाटेत गाडीचं चाक बसलं. सगळे उतरले. शेजारच्या रानात हुरडा चालला होता. मालकानं आम्हाला हाका मारल्या, आगटीतून कणसं काढून हातावर चोळली आणि ओंजळीत हिरवे दाणे ओतले. वर लसणाची चटणी. तुम्ही कोण, कुठले, काही नाही. आमच्याकडे पाणी मागितलं तरी दारातून आधी 'कोण हवंय?' येतं. मी खाल्लं आणि त्याला गुळाचा तुकडा मोडून दिला. तो म्हणाला, "रहिमतपूरचा दिसतोय, लय झ्याक." गुळावरून गाव ओळखणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आजी त्याच वाडीच्या अलीकडच्या वस्तीवर उतरणार होत्या. "बिराप्पाकडं? आज तिथं कातरण हाय," त्या म्हणाल्या. "मटन मिळंल. नशीबवान हायसा."

वाडी

कातरण म्हणजे मेंढरांची लोकर उतरवायचा दिवस. आदल्या दिवशी मेंढरं धुतात, आणि मग आजूबाजूच्या वस्त्यांवरचे पुरुष आपापली कातर घेऊन येतात. आज याची मेंढरं, उद्या त्याची. मजुरी नाही; ज्याची मेंढरं तो जेवू घालतो. मी पोचलो तेव्हा लिंबाखाली पंधरा-वीस माणसं मेंढराचे पाय बांधून बसली होती. कातरींची खचक-खचक चालू होती. कातरलेलं मेंढरू उठायचं, स्वतःकडे बघून बावरायचं आणि आपल्याच पिल्लाला ओळख पटवत पळायचं. मधोमध काळ्या लोकरीचा ढीग.

पोस्टकार्डवालीला मी अक्षरावरून ओळखलं असं म्हणणार होतो, पण तिनंच मला ओळखलं. लेखावर माझा फोटो होता. सुनंदा तिशीची असेल, कमरेला पदर खोचलेला, हातात पाण्याची कळशी.

"कार्ड पोचलं म्हणायचं," ती म्हणाली.

"पोचलं होतं."

"सा वरसं लागली. चालत आला काय?"

तिनं तांब्या पुढे केला आणि त्या ढिगाकडे बोट दाखवलं. "वाचणाऱ्यानं त्येच्यावर बसायचं. सकाळी भुईवर बसतोय, लोकर पडंल तशी खाली सारायची. सांजच्याला माणूस कमरंइतका उंच जातोय. मामा तीस वरसं बसले. आता ढीग नुस्ताच वाढतोय."

मामा म्हणजे तिचे सासरे, बिराप्पा, सगळ्यांकडे पाठ करून कातरींना धार लावत बसले होते. सत्तरीचे, उंच, पिवळा पटका. सुनंदानं जाऊन सांगितलं. त्यांनी मान वळवली नाही. पण कातरी एकेक करून थांबल्या, आणि म्हाळू नावाच्या एका गड्यानं मोठ्यानं विचारलं, "ह्योच का त्यो दगडवाला?"

सगळे हसले. बिराप्पा हसले नाहीत. ते उठून माझ्यासमोर आले.

"काळाईच्या घोंगड्याचं काय केलंसा?"

मला काहीच कळलं नाही. माझा चेहरा बघून त्यांनाच दया आली असावी.

"दुसरा भाग. मेंढरं राखणारी काळाई, म्हातारी. ती मेघावतीला घोंगडं देती. काय सांगती? ज्यो ह्या घोंगड्याखाली एकदा निजंल, त्येला कुणाची नदर दगड करणार न्हाई. तिसऱ्या भागात गारा पडत्यात तवा मेघावती त्येच्याखाली निजती. निजती का न्हाई?"

"निजते," पाच-सहा जण एकदम म्हणाले.

"मग ती दगड हुती कशी?" म्हाताऱ्याचा आवाज चिरला. "तीस वरसं मी हितं बसून लोकास्नी काळाईचा सबुद सांगितला. जादू हाय म्हणून काय बी हुतंय व्हय? आवं, आमच्या कुत्र्याला भुकायला कारण लागतंय, मग जादूगाराला नको? जिथं काय बी हुऊ शकतंय, तिथंच तर एक सबुद पक्का लागतो. त्यो बी मोडला, तर त्ये पुस्तक मी कुणाला वाचून दावू?"

अद्भुत कथेवर मी तोवर चार पुस्तकं लिहिली होती. त्यांत हे वाक्य कुठे नव्हतं. आणि काळाईचं म्हणाल, तर ते प्रकरण मी माझ्या लेखात 'चाळीस पानांचा फापटपसारा' म्हणून उडवून लावलं होतं. कारण? कारण घाई होती, आणि मेंढरं राखणारी म्हातारी गोष्टीचा कणा असेल असं मला वाटलं नव्हतं. मी ती चाळीस पानं नुसती उलटली होती.

खिशात हात घातला. तिथे 'क्षमस्व' होतं आणि सही होती. मग तोंडानंच सांगितलं.

"बिराप्पा, मेघावती दगड होत नाही. सातवा भाग मी वाचला नव्हता. तो कुणी लिहिलाच नाही, हे मला परवा कळलं. ती दगड होते हे मी मनानं रचलं. काळाईची पानंही मी वाचली नव्हती."

एवढी पाच वाक्यं. बावीस वर्षं मला वाटत होतं की ती उच्चारली तर काहीतरी कोसळेल. कोसळलं काही नाही. एक मेंढरू शिंकलं.

बिराप्पा एक पाऊल पुढे आले. "म्हंजे पुस्तक खोटं न्हाई?"

"नाही."

"तू खोटा."

"हो."

आणि मग त्या माणसाचा चेहरा असा उजळला, की मी मागे सरलो. "यप्पा!" त्यांनी आरोळी ठोकली. "ऐकलं का रं? पुस्तक खरं हाय! ह्यो खोटा हाय! पुस्तक खरं हाय!" घरात लेकरू झाल्यागत ते सगळ्यांना सांगत सुटले. माझ्या पाठीत एवढी जोरात थाप मारली की चष्मा लोकरीत पडला. "आरं, माणसानं खोटं बोलायचं काय घेऊन बसलास? बाजारात रोज बोलतोय. पुस्तक बोललं म्हणून जिवाला लागलं हुतं!"

"पर मामा," सुनंदा म्हणाली, "इतक्या कातरणी मुक्या गेल्या. दंड नको?"

"पायजे की," म्हाळू म्हणाला. "कातर द्या हातात."

दिली. मला त्यांनी एक एडका दिला, मुद्दाम. त्याच्या पायाची गाठ मी सोडवली की ती आपोआप सुटली हे आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. पण मी त्याच्या मानेला धरून लिंबाभोवती दीड फेरी मारली, आणि त्यातली अर्धी पोटावर. धोतरात काटे घेऊन उठलो तेव्हा वाडीवरच्या बायका पदर तोंडाला लावून भिंतीला टेकल्या होत्या. सुनंदानं निकाल दिला, "ह्यांच्याच्यानं हे न्हाई व्हायचं. वाचू द्या ह्यांस्नी. काळाईचीच पानं."

पेटीतून पुस्तक निघालं, लोकरीतून माझा चष्मा निघाला. दुसरा भाग, कडा मेणचटलेल्या, मधल्या पानांत लोकरीचे धागे. मला ढिगावर बसवलं. ढीग उबदार होता आणि त्याला मेंढरांचा, उन्हाचा वास होता. मी वाचायला लागलो.

कॉलेजात मी वाचतो तसंच वाचायला गेलो. दुसऱ्याच ओळीला म्हाळू म्हणाला, "गुर्जी, म्हातारी बोलतीया, तहशीलदार न्हवं." मी आवाज बदलला. मग तर त्यांना अर्धं पाठच होतं. मी अडखळलो की कुणीतरी कातरता कातरता पुढचा शब्द टाकायचं. त्या चाळीस पानांत काळाई मेंढरं मोजते, एक हरवलेलं कोकरू शोधते, मेघावतीला चूल फुंकायला शिकवते. जादू म्हणून काही नाही. आणि म्हणूनच शेवटी ती घोंगडं काढते तेव्हा कुणालाही शंका येत नाही. केवढं जमलेलं प्रकरण होतं! मी एवढी वर्षं अद्भुत शिकवतो, आणि त्याची जमीन मी कधी पाहिलीच नव्हती.

'ज्यो ह्या घोंगड्याखाली एकदा निजंल' या ओळीशी आलो, तशा सगळ्या कातरी एकदम थांबल्या. रिवाजच होता. उरलेलं वाक्य मला वाचू न देता सगळ्यांनी मिळून म्हटलं. बायकांनी भिंतीकडून, पुरुषांनी मेंढरं गुडघ्याखाली दाबून. मग पुन्हा खचक-खचक सुरू.

बिराप्पांनी हात पुढे केला. "उतर आता. दंड फिटला."

मी उतरलो. ते चढले. चष्मा नव्हता, पुस्तक त्यांनी डोळ्यांसमोर धरलंही नाही; नुसतं मांडीवर ठेवलं. आवाज आधी घोगरा, मग एकेक ओळीनं मोकळा होत गेला. सुनंदा कळशी घेऊन तशीच उभी होती. मला त्यांनी पाय धरायच्या कामाला लावलं, मेंढराचे. ते काम मला चांगलं जमतं, असं नंतर म्हाळूनं सगळ्यांदेखत कबूल केलं.

दुपारी मटणाचा लालभडक रस्सा आणि हाताएवढी जाड भाकरी. त्या रश्श्यानं माझ्या कानांतून वाफा निघाल्या. सुनंदानं न मागता ताकाचा तांब्या आणून ठेवला. जेवण झाल्यावर लिंबाखाली पडलो आणि झोप कधी लागली ते कळलं नाही. जाग आली तेव्हा अंगावर काळं घोंगडं होतं, टोचरं, जड. वर ढिगावर बिराप्पा तिसऱ्या भागात पोचले होते. गारा पडत होत्या.

मी उठलेला बघून ते वाचता वाचता थांबले. "झाली तुजी सोय," एवढंच म्हणाले आणि पुढे वाचू लागले.

निघताना मी विचारलं, मेघावतीचं पुढे काय झालं असं त्यांना वाटतं?

"लिवलं न्हाई न्हवं कुणी?" बिराप्पा म्हणाले. "मग उभी हाय अजून. पर दगड न्हाई, येवढं पक्कं."

मी त्यांना अण्णांच्या आजोबांचे सातवे भाग सांगितले. सोंगट्यांचा त्यांना आवडला. आलं विकण्याचा बायकांना. म्हाळू म्हणाला, पुढच्या कातरणीला तो आपला एक सांगणार आहे.

परत

येताना रहिमतपूरला उतरलो. अण्णांना सांगितलं, तो मोठा माणूस मी. त्यांनी गुळाच्या ढेपेवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "वडील समाधानानं गेले, येवढं तुमच्या पदरात टाकतो. बाकीचं तुमचं तुमी बघा." त्यांनी गूळ दिला नाही. ते बरोबरच होतं. दीड महिन्यानं मी त्याच मासिकात सगळं छापलं, काळाईवर चाळीस पानं लिहिली, आणि अंक त्यांना पाठवला. उलट टपालानं ढेप आली.

शेलारांचंही पत्र आलं: 'सर, आपला नवा लेख वाचला. सातव्या भागाच्या अस्तित्वाविषयी मला पूर्वीपासूनच शंका होती.'

पण ते नंतरचं. प्रवासाहून आलो त्या सकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तार, लेख, कार्ड, शेळी, एडका, घोंगडं. लग्नच मुळी त्या लेखावर झालं होतं, तेही. चहा तिनं दोनदा गरम केला. मी थांबलो. माझ्या सदऱ्याला चिकटलेला लोकरीचा काळा पुंजका काढून तिनं खिडकीत ठेवला.

मग पाट्या-वरवंट्याकडे बघत म्हणाली, "घरातला एक दगड कमी झाला. आता मी चटणी कशावर वाटू?"